दाबाचा आकडा येतो कुठून

पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटर खोलीवर भूकंपलहरींचा वेग एकदम वाढतो. ही पातळी जगभर सापडते आणि वरचे व खालचे प्रावरण यांची हद्द तिथेच मानली जाते. असे का होते, याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधावे लागते. रिंगवुडाइट नावाचे खनिज पुरेशा दाबाखाली मोडते आणि त्याच्या जागी ब्रिजमनाइट व पेरिक्लेज ही जास्त घनतेची खनिजे तयार होतात. हे विघटन ज्या दाबाला होते तोच दाब ६६० किलोमीटरवर असेल, तर कोडे सुटले म्हणायचे. त्या खोलीवरचा दाब भूकंपशास्त्रातून चांगला माहीत आहे. तो सुमारे २३.५ गिगापास्कल आहे. एक गिगापास्कल म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दहा हजार पट. १९८९ मध्ये इतो आणि ताकाहाशी या जपानी शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत विघटनाचा दाब जवळपास एवढाच आला होता. पुढे १९९८ मध्ये तेत्सुओ इरिफुने आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या स्प्रिंग-८ सिंक्रोट्रॉनवर हाच प्रयोग केला, तोही नमुना दाबाखाली आणि तापलेला असतानाच त्यातून क्ष-किरण पाठवून. आधीच्या प्रयोगांत नमुना थंड करून, बाहेर काढून तपासावा लागे. त्या मानाने हे तंत्र कितीतरी सरस होते. उत्तर मात्र आले १६०० अंश सेल्सियसला सुमारे २१ गिगापास्कल.

दोन-अडीच गिगापास्कलची तफावत म्हणजे खोलीच्या हिशेबात पन्नास-साठ किलोमीटर. भूकंपलहरींवरून काढलेली खोली एवढी चुकत नाही. मग दोनच शक्यता उरतात. एक तर त्या हद्दीचे कारण वेगळे आहे, कदाचित खालच्या प्रावरणाची रासायनिक घडणच निराळी आहे. नाही तर प्रयोगातला दाबाचा आकडा चुकला आहे. पहिली शक्यता खरी ठरली असती, तर प्रावरणातले खडक वरखाली कसे फिरतात याबद्दलचे बरेचसे चित्र नव्याने काढावे लागले असते. एवढा मोठा प्रश्न एका आकड्यावर टांगलेला असताना तो आकडा येतो कुठून, हे बारकाईने पाहणे भाग आहे. मला इथे एकच गोष्ट दाखवून द्यायची आहे. अतिउच्च दाब कोणीही थेट मोजत नाही. दुसरेच काहीतरी मोजून त्यावरून दाब काढला जातो, आणि सगळ्यांत घातक चुका मोजण्यात नाही, तर या काढण्यात दडलेल्या असतात.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शाळेतले पोरही सांगते; मग बल मोजा, क्षेत्रफळ मोजा आणि भागाकार करा. कमी दाबाला खरोखर असेच करतात. तंतोतंत घासून बसवलेला दट्ट्या सिलिंडरमध्ये उभा असतो, खाली द्रव असतो, वर ठाऊक असलेली वजने ठेवलेली असतात आणि घर्षण मारण्यासाठी दट्ट्या सतत फिरवत ठेवलेला असतो. देशोदेशींच्या प्रमाणमापन संस्थांचा दाब याच यंत्रावर टेकलेला आहे. पण दाब वाढू लागला की सिलिंडरचे तोंड ताणले जाते, म्हणजे ज्या क्षेत्रफळाने भागायचे तेच बदलते. फटीतून द्रव निसटतो, आणखी पुढे तो दाट होतो आणि शेवटी गोठतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये हेडेमान यांनी १९६७ मध्ये या पद्धतीने बिस्मथ धातूची पहिली स्फटिकरचना दुसरीत कोणत्या दाबाला बदलते ते मोजले: २.५५ गिगापास्कल, अनिश्चितता ०.००६. हे काम इतके चोख होते की बिस्मथची ती उडी आजही यंत्रे तपासण्याचा स्थिर बिंदू म्हणून वापरली जाते. पण वजने ठेवून दाब मोजण्याची धाव साधारण इथेच संपते, आणि ६६० किलोमीटरवरचा दाब याच्या नऊ पट आहे.

पुढे जायचे तर द्रव सोडून घन माध्यमाकडे वळावे लागते, आणि तिथे घर्षण गाठते. भूशास्त्राच्या कित्येक प्रयोगशाळांत असलेल्या पिस्टन-सिलिंडर यंत्रात नमुन्याभोवती मीठ, टाल्क किंवा काच असते. बाहेर तेलाच्या दाबाचा गेज असतो आणि त्यावरून क्षेत्रफळांच्या प्रमाणाने आतला दाब काढतात. गेज अगदी अचूक असेल, पण लावलेल्या बलातला काही भाग दट्ट्या आणि भिंत यांच्या घर्षणात आणि घन माध्यमाच्या ताठरपणात खर्ची पडलेला असतो. तो नमुन्यापर्यंत पोचतच नाही. समजा दाब चढवताना बिस्मथची उडी हिशेबाच्या २.८ गिगापास्कलला दिसली आणि उतरवताना २.३ ला. दोहोंच्या मधोमध २.५५ येते, फरकाचा अर्धा हिस्सा घर्षणाच्या खाती टाकायचा आणि काम झाले, असे वाटते. पण त्यासाठी चढताना आणि उतरताना घर्षण सारखेच आहे, असे धरावे लागते आणि ते सारखे असेलच असे नाही. शिवाय बिस्मथ स्वतःही उडी मारायला थोडा उशीर लावतो, दोन्ही दिशांना. तो उशीर घर्षणाचा भाग म्हणून मोजला जातो. त्यात भट्टी पेटवली की मीठ मऊ पडते आणि घर्षणाचा हिशेबच बदलतो. म्हणजे थंड यंत्रावर केलेली दुरुस्ती तापलेल्या यंत्राला जशीच्या तशी लावता येत नाही. पण वर्षानुवर्षे ती तशीच लावली गेली.

या तऱ्हेच्या चुकीची सर्वांत बोधप्रद गोष्ट खुद्द पर्सी ब्रिजमन यांच्या कामात घडली. हार्वर्डमध्ये जवळपास अर्धशतक उच्च दाबाचे शास्त्र ज्यांनी एकहाती उभे केले आणि १९४६ चे नोबेल मिळवले, ते हे ब्रिजमन. वर आलेल्या ब्रिजमनाइटला २०१४ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले. त्यांनी अनेक धातूंतली अवस्थांतरे दोन पद्धतींनी टिपली. एकीत दट्ट्या किती आत गेला यावरून घनफळ मोजले. दुसरीत दोन चपट्या ऐरणींमध्ये धातूची पट्टी दाबून तिचा विद्युतरोध मोजला. बेरियमची उडी पहिल्या पद्धतीत सुमारे ६० हजार किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरला आली आणि दुसरीत सुमारे ८० हजारांना. धातू तोच, घटना तीच, प्रयोगकर्ताही तोच. दुसऱ्या पद्धतीत एकूण बलाला ऐरणीच्या क्षेत्रफळाने भागले होते. पण तो भार सगळीकडे सारखा वाटला जात नाही, बराचसा भोवतालचे गॅस्केट पेलते. १९६० च्या सुमारास जॉर्ज केनेडी आणि ला मोरी यांनी फिरत्या दट्ट्याने घर्षण कमी करून मोजणी केली, तेव्हा घनफळाच्या पद्धतीतला आकडा खऱ्याच्या जवळचा निघाला. आज बेरियमची ती उडी ५.५ गिगापास्कलला मानतात. पण मधल्या काळात अनेक यंत्रे त्या फुगलेल्या मापावरच लावली गेली होती. बिस्मथचे वरचे संक्रमण त्या मापावर १२.२ गिगापास्कलला दाखवत. ते आज ७.७ ला आहे. जनरल इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये कृत्रिम हिरा बनवल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या यंत्राचा दाबही याच मापावर ठरवलेला होता आणि तो नंतर खाली आणावा लागला. हिरे खरे होते, आकडा खोटा होता. कारखान्यात एवढ्याने काही अडले नाही, कारण यंत्राचा कोणता काटा कुठे गेला की हिरा होतो ते त्यांना माहीत होते. अडते ते तोच आकडा दुसऱ्या कोणाच्या आकड्याशेजारी ठेवायची वेळ येते तेव्हा.

आता डायमंड ॲन्व्हिल सेलकडे येऊ, कारण आजचे बहुतेक आकडे तिथून येतात. समोरासमोर टोके टेकवलेले दोन हिरे, मध्ये धातूचे पातळ गॅस्केट आणि गॅस्केटला केसाच्या जाडीच्या आसपास व्यासाचे भोक. त्या भोकात नमुना, दाब पसरवणारे माध्यम आणि काही मायक्रॉन आकाराचा माणकाचा एक गोल कण. हिऱ्यातून लेसर टाकला की माणिक लाल चमकते. वर्णपटात त्याच्या शेजारी शेजारी दोन रेषा दिसतात, त्यांपैकी ठळक रेषा साध्या हवेच्या दाबाला ६९४.२ नॅनोमीटरवर असते. दाब वाढला की ती लांब तरंगलांबीकडे सरकते, सुरुवातीला दर गिगापास्कलला साधारण ०.३६५ नॅनोमीटर. १९७२ मध्ये नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या फोरमन, पिअरमारिनी, बार्नेट आणि ब्लॉक यांनी ही युक्ती मांडली आणि या क्षेत्राचा नूरच पालटला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासह जगभर ती रोजच्या वापरात आहे. रेषेचे शिखर नॅनोमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत वाचता येते, म्हणजे दाब ०.०३ गिगापास्कलपर्यंत सांगता येतो. हा आकडा संगणकाच्या पडद्यावर इतका ठाम दिसतो की त्यावर शंका घ्यायचे सुचतच नाही.

शंका घ्यायला जागा मात्र भरपूर आहे. माणकाची रेषा उष्णतेनेही त्याच दिशेला सरकते; पाच-सहा अंशांची वाढ आणि ०.१ गिगापास्कलची वाढ वर्णपटात सारखीच दिसते. लेसर जरा जास्त ठेवला आणि कण तापला, तरी दाब वाढल्याचा भास होतो. ही चूक सावधपणाने टाळता येते. अधिक कठीण चूक माध्यमाची आहे. चार भाग मिथेनॉल आणि एक भाग इथेनॉल हे मिश्रण सुमारे १० गिगापास्कलपर्यंत द्रव राहते आणि सर्व बाजूंनी सारखा दाब देते. त्यापुढे ते काचेसारखे घट्ट होते. मग भोकाच्या मधला कण एक दाब सांगतो आणि कडेचा दुसरा. नमुना आणि माणिक एकमेकांपासून थोडे दूर असले, तरी आपण एकाचा दाब दुसऱ्याच्या नावावर लिहितो. रेषा रुंद होऊन शेजारच्या रेषेत मिसळू लागली, की दाब सारखा राहिला नाही हे जाणकार ओळखतात. ती खूण दुर्लक्षित करणे सोपे असते, कारण शिखर तरीही वाचता येते. क्ष-किरणांनी घनफळ मोजतानाही असेच होते. नेहमीच्या मांडणीत किरण भाराच्याच दिशेने जातात, त्यामुळे भाराच्या दिशेने जास्त दबलेली स्फटिकातली अंतरे दिसत नाहीत आणि कमी दबलेली दिसतात. घनफळ खऱ्यापेक्षा मोठे भरते, म्हणजे त्यावरून काढलेला दाब खऱ्यापेक्षा कमी येतो. या चुकीला ठरलेली दिशा आहे. प्रयोग शंभरदा करून सरासरी काढली, तरी ती तसूभरही कमी होत नाही.

हे सगळे सांभाळले, हेलियमसारखे मऊ माध्यम वापरले, तापमान राखले, तरी मूळ प्रश्न उरतोच: अमुक नॅनोमीटर म्हणजे अमुक गिगापास्कल हे ठरवले कोणी? १९७५ मध्ये माणकाची रेषा १९.५ गिगापास्कलपर्यंत मिठाच्या घनफळाशी जुळवली गेली. पण मिठाचे घनफळ आणि दाब यांचे नाते डेकर यांच्या सैद्धांतिक सूत्रातून घेतलेले होते. १९७८ मध्ये माओ, बेल आणि सहकाऱ्यांनी ती तांबे, चांदी, मॉलिब्डेनम आणि पॅलेडियम या धातूंच्या घनफळाशी जुळवून १०० गिगापास्कलपर्यंत नेली, आणि त्या धातूंचे नाते आघातलहरींच्या प्रयोगांतून आले होते. आघातलहरीत लहरीचा आणि पदार्थाचा वेग मोजून दाब थेट निघतो, ही त्या पद्धतीची ताकद आहे. पण आघाताने धातू भयंकर तापतो. त्या तापलेल्या धातूच्या आकड्यावरून खोलीच्या तापमानाचा आकडा काढायचा, तर उष्णतेमुळे किती दाब वाढला ते वजा करावे लागते आणि ती वजाबाकी एका गृहीत धरलेल्या सूत्राने होते. धातूची स्वतःची ताकदही हिशेबात धरावी लागते. म्हणजे माणिक धातूंवर टेकलेले, धातू आघातलहरींवर, आणि आघातलहरी उष्णतेच्या सूत्रावर. शेजाऱ्याच्या घड्याळावरून आपले घड्याळ लावावे आणि शेजाऱ्याने तिसऱ्याच्या, तसा हा प्रकार आहे. सगळी घड्याळे एकच वेळ दाखवतात, पण ती वेळ बरोबर आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

यातून प्रत्यक्ष काय होते ते एका उदाहरणात पाहू. माणकाची रेषा सरकून बरोबर ७२० नॅनोमीटरवर आली आहे असे धरा. १९७८ च्या मापाने दाब ७६ गिगापास्कल निघतो. माओ, शू आणि बेल यांनी आर्गॉनचे माध्यम वापरून १९८६ मध्ये दिलेल्या मापाने तो ८० निघतो. आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवलेल्या रुबी-२०२० या मापाने तो जवळजवळ ८४ निघतो. रेषा तीच, वाचनात काडीचीही चूक नाही, तरी उत्तरात आठ गिगापास्कलचा फरक. नॅनोमीटरच्या त्या शंभराव्या हिश्शाशेजारी हा फरक ठेवून पाहावा. आणखी वर गेले की दरी रुंदावते. देवेल, लुबेर आणि मेझुआर यांनी २००४ मध्ये सहा धातू हेलियममध्ये दाबून दाखवून दिले, की १९८६ चे माप १५० गिगापास्कलच्या आसपास सुमारे दहा गिगापास्कल कमी सांगते. मधल्या अठरा वर्षांत ते माप जगभर वापरले गेले होते आणि प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी छान जुळत होते. जुळणारच, कारण सगळ्यांकडे चूक एकच होती.

इथे दुसरा, अधिक विचारी आक्षेप येतो. सगळे एकच माप वापरत असतील, तर तुलना बरोबरच राहते. खरा आकडा कोणता याने काय बिघडते? एका पदार्थाचे संक्रमण दुसऱ्याच्या आधी होते की नंतर, हे चुकीच्या मापावरही बरोबर कळते, हे मान्य. रसायनशास्त्रातल्या पुष्कळ प्रश्नांना तेवढे पुरते. पण पृथ्वी माणकाचे माप वापरत नाही. तिच्या आतला दाब वरच्या थराथराची घनता आणि गुरुत्वाकर्षण यांच्या गुणाकारांच्या बेरजेने ठरतो आणि प्रयोगशाळेचा आकडा त्याच्यासमोर ठेवायचा असतो. तिथे सापेक्ष अचूकता उपयोगी पडत नाही, आणि १९९८ चा पेच याचाच पुरावा आहे.

इरिफुने यांच्या प्रयोगात दाब सोन्याच्या घनफळावरून काढला होता. नमुन्याशेजारी ठेवलेल्या सोन्याची स्फटिकातली अंतरे क्ष-किरणांनी मोजायची आणि सोन्याच्या प्रचलित सूत्रात घालायची. पण नमुना १६०० अंशांवर होता. इतक्या उष्णतेत सोने प्रसरण पावते, म्हणून दाब काढायला घनफळाबरोबर तापमानही लागते. सोन्याच्या बाबतीत तापमानात १०० अंशांची चूक म्हणजे दाबात सुमारे ०.७ गिगापास्कलची चूक. तापमान मोजायला थर्मोकपल होते, आणि थर्मोकपलचा विद्युतदाब स्वतः दाबाने बदलतो. ही दुरुस्ती एवढ्या दाबाला कोणाला नीट माहीत नसल्याने ती सहसा करतच नाहीत. त्याहून मोठी गोष्ट खुद्द सोन्याच्या सूत्रांची. वेगवेगळ्या संशोधकांनी दिलेली सूत्रे थंड सोन्यासाठी बऱ्यापैकी जुळतात, पण प्रावरणाच्या तापमानाला त्यांच्यात दीड-दोन गिगापास्कलपर्यंत अंतर पडते. म्हणजे कोडे ज्या आकाराचे, तेवढीच फट मापात. २००१ मध्ये शिम, डफी आणि शेन यांनी लेसरने तापवलेल्या डायमंड ॲन्व्हिल सेलमध्ये प्लॅटिनमच्या मापावर हेच विघटन पाहिले, तेव्हा ते ६६० किलोमीटरच्या दाबाशी जुळले. पुढे फेइ आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम ऑक्साइडचे माप वापरले, तेव्हाही तफावत बरीच मिटली. यावरून सोने खोटे आणि प्लॅटिनम खरे असा निकाल देणे घाईचे होईल, कारण प्लॅटिनमच्या सूत्रांतही मतभेद आहेत. पण दोन गिगापास्कलच्या तफावतीवरून प्रावरणाची घडण बदलायला निघणे किती अधीरपणाचे होते, हे यावरून स्पष्ट होते. इरिफुने यांचे मोजमाप वाईट नव्हते. उलट ते इतके चांगले होते की आधीच्या जाडजूड अनिश्चिततेत लपलेला मापाचा दोष त्यामुळेच उघडा पडला.

मग सिद्धांताकडून दाब का घेऊ नये, असेही विचारले जाते. पुंज यामिकीच्या गणिताने स्फटिकाची ऊर्जा घनफळानुसार काढता येते आणि तिचा उतार म्हणजेच दाब. पण ते गणित हुबेहूब सुटत नाही, त्यासाठी काही अंदाजी पायऱ्या घ्याव्या लागतात आणि कोणती पायरी घेतली यावर घनफळ काही टक्के इकडेतिकडे होते. दाबाच्या मापाला एवढा ढिलेपणा परवडत नाही. मला जास्त भरवशाची वाटते ती दुसरी वाट. एकाच नमुन्याची घनता क्ष-किरणांनी आणि त्यातला ध्वनीचा वेग प्रकाशाच्या विकिरणाने, दोन्ही एकत्र मोजली, तर दोहोंवरून दाब कोणाकडून उसना न घेता काढता येतो. झा, माओ आणि हेमली यांनी २००० मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडवर हे ५५ गिगापास्कलपर्यंत करून दाखवले. २०२१ मध्ये सोने आणि प्लॅटिनम आघाताशिवाय, हळूहळू चढत जाणाऱ्या दाबलहरीने एक टेरापास्कलपर्यंत दाबले गेले. त्यात धातू आघातलहरीइतका तापत नाही, त्यामुळे ती उष्णतेची मोठी वजाबाकी लहान होते. मात्र हे दोन्ही मार्ग मुख्यतः थंड नमुन्याचा प्रश्न सोडवतात. प्रावरणातले खडक दोन हजार अंशांकडे झुकलेले आहेत, तिथली अडचण अजून तशीच आहे. माणिक तर काही शे अंशांनंतर मंद होऊन निरुपयोगीच ठरते. त्याच्या जागी समारियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम बोरेट वापरतात, कारण त्याची रेषा उष्णतेने जवळजवळ हलत नाही.

मापे अशी सुधारत राहणार, हे धरूनच प्रयोगाची नोंद व्हायला हवी. निबंधात किती गिगापास्कल एवढेच छापून भागत नाही. रेषा किती नॅनोमीटरवर होती, सोन्याच्या स्फटिकाची बाजू किती भरली, कण नमुन्यापासून किती दूर होता, माध्यम कोणते, तापमान कुठे आणि कशाने मोजले, आणि आकडा कोणत्या वर्षीच्या मापावरून काढला, हे सगळे सोबत लागते. चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या निबंधात ७२० नॅनोमीटर असे छापलेले असेल, तर आजचा विद्यार्थी त्यावरून पाच मिनिटांत ८४ गिगापास्कल काढू शकतो आणि पुढचे माप आले की त्यावरही काढेल. त्याच निबंधात नुसते ८० गिगापास्कल लिहिलेले असेल, तर आधी लेखकाने कोणते सूत्र वापरले असावे याचा शोध घ्यावा लागतो, आणि पुष्कळदा ते कळण्याचा काहीच मार्ग उरत नाही.